व्हॉल्व्हवरचा नाडा

शनवारा वेशीजवळच्या चहाच्या टपरीवर मी उभा असलो की कुणीतरी मागून तोंडानं शिट्टी वाजवतो. मी दचकतो का, हे त्याला बघायचं असतं. मी दचकत नाही. शिट्टीची भीती मला कधीच वाटली नाही. शिट्टी वाजायला हवी आणि वाजत नाही, तेव्हा मी दचकतो. हा फरक समजावून सांगायला गेलो की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की लोक हसतात. म्हणून लिहून सांगतो. लिहिताना मधे कुणी बोलत नाही.

मी बुऱ्हाणपुरातल्या एका साइझिंगचा मॅनेजर होतो. खांद्यावर बीम वाहण्यापासून सुरुवात केली आणि केबिनच्या किल्लीपर्यंत पोचलो. मधलं सगळं गाळतो. ते माझ्या पोरांनाही ऐकायचं नसतं.

साइझिंग म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. पॉवरलूमवर उभं लावायचं सूत, म्हणजे ताणा, कच्चा असतो. तसाच लावला तर हिसक्यानं तुटतो. म्हणून हजारो धागे एकदम शिजवलेल्या खळीतून काढायचे, तापलेल्या मोठ्या ड्रमांवरून फिरवून वाळवायचे आणि बीमवर, म्हणजे लांब जाड रुळावर, गुंडाळून लूमवाल्याला परत द्यायचे. घरी सुती साडीला खळ घालून इस्त्री करतात, तेच काम. फक्त आमची इस्त्री माणसाहून उंच असते आणि वाफेवर तापते. ती वाफ बॉयलरमधून येते. खाली जाळ, वर पाणी, आणि जाड लोखंडाच्या पोटात कोंडलेली वाफ, म्हणजे बॉयलर. त्याच्या भिंतीला भिंत लावून साइझिंगचं ऑफिस, पलीकडे गोडाऊन, गोडाऊनला लागून वस्ती.

मॅनेजरचं काम म्हणजे दिवसभर घासाघीस. लूमवाल्याशी, खळीच्या व्यापाऱ्याशी, वायरमनशी, आणि सगळ्यात जास्त जळणवाल्याशी. आम्ही परहाटी जाळायचो. कापूस वेचून झाला की शेतात ज्या काड्या उरतात, त्या. देडतलाईकडून ट्रॉल्या भरून यायच्या. व्यापारी वरच्या थराला वाळलेला माल लावायचा आणि पोटात ओला. मी ट्रॉलीवर चढून खांद्यापर्यंत हात खुपसायचो. एकदा तो वैतागून म्हणाला, “साहेब, बाळंतपन करून ऱ्हायले का?” मी म्हणालो, हो, आणि पोर ओलं निघालं, ट्रॉली फिरव. त्यानं शिव्या दिल्या, मी सव्याज परत केल्या. पण त्यानंतर आमच्याकडे खडखडीत वाळलेलीच परहाटी आली. भट्टीत टाकली की भडका. सगळ्या गावात इतकं चांगलं जळण कुणाकडे नव्हतं.

आता भीतीचं सांगतो. बॉयलरवर नजर ठेवायच्या गोष्टी तीन. एक काच, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसतं. एक काटा, तो वाफेचा दाब दाखवतो. त्याच्या तबकडीवर लाल रेघ असते. आणि सगळ्यात वर सेफ्टी व्हॉल्व्ह. आमच्या जुन्या बॉयलरचा व्हॉल्व्ह दोन तोंडांचा होता आणि दोन्ही तोंडांवर मिळून एक लोखंडी दांडी. काटा लाल रेघेला पोचला की ही दांडी आपोआप उचलली जाते आणि जादा वाफ किंचाळत बाहेर पडते. कुणी झोपलेलं असो, चहाला गेलेलं असो, व्हॉल्व्ह आपलं काम करतो. तो किंचाळला की वस्तीतली लेकरं रडायची, बाया येऊन मला बोलायच्या. मी ऐकून घ्यायचो. मला तो आवाज गोड वाटायचा.

आमचा फायरमन सुपडू. माझ्याच वयाचा, माझ्याच आगेमागे कामाला लागलेला. तो बॉयलरला आई म्हणायचा. सकाळी पहिली परहाटी टाकण्याआधी भट्टीच्या दाराला हात लावून तो हात कपाळाला. मला यात काही गैर वाटत नव्हतं. आगीजवळ उभं राहणाऱ्या माणसाला कुणाचा तरी आधार लागतोच.

दसऱ्याला आमच्याकडे भट्टी थंड असायची. बॉयलर धुवायचा, गेरूचा हात द्यायचा, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. मग प्रत्येक कामगार शिडीवर चढून पूजेचा लाल-पिवळा नाडा बांधायचा. दुसरीकडे मोटारीला बांधतात, मशीनच्या पायाला बांधतात. आमच्याकडे व्हॉल्व्हच्या दांडीला. कारण सगळ्यात उंच तीच, म्हणून तो आईचा मुकुट. मी दुसऱ्या दिवशी सुपडूला वर चढवून नाडे सोडवून घ्यायचो, आणि आम्ही ते तापी नदीत सोडायचो. कुणाची हरकत नव्हती.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी बातमी आली की लांबच्या एका गावात साइझिंगचा बॉयलर फुटला. फोनवर फोटो फिरले. बॉयलरच्या जागी खड्डा होता आणि त्याचं झाकण कुणाच्या तरी गच्चीत पडलेलं होतं. कामगारांनी ते फोटो बायकांना दाखवले. ही त्यांची चूक म्हणणार नाही, मीही माझ्या बायकोला दाखवले. पण त्या दसऱ्याला घरोघरच्या बायकांनी आपापला नाडा पाठवला. नवऱ्याच्या नावाचा एक, पोरांच्या नावाचा एक. शेंदूर नुसता टिळ्यापुरता नाही, तेलात कालवून थापला, मारुतीला चढवतात तसा. आमच्या मालकाच्या, म्हणजे सेठच्या, म्हाताऱ्या आईनंही आपला नाडा पाठवला. संध्याकाळी मी वर पाहिलं तर दांडी दिसतच नव्हती. दांडी आणि तिच्या खालची दोन्ही तोंडं मिळून एक लाल गाठोडं झालं होतं.

विचार करा. ज्या एका वस्तूच्या जिवावर ही माणसं जिवंत होती, ती त्यांनी भीतीपोटी आवळून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी सुपडूला म्हणालो, सोड. तो म्हणाला, या वर्षी लोक ऐकायचे नाहीत, दिवाळीपर्यंत राहू द्या. दिवाळी झाली. मग म्हणाला, देवदिवाळी होऊ द्या. मी सेठकडे गेलो. सेठ म्हणाला, अम्माचा नाडा आहे, रहने दो, त्याचं काय वजन असतं? मी म्हणालो, वजनाचा प्रश्न नाही. सेठ म्हणाला, मॅनेजर, हर बात में सौदा मत करो. आयुष्यात मी कुणाला मुदतवाढ दिली नव्हती. इथे मात्र मी तारखेवर तारीख देत गेलो, कारण समोर देव होता आणि देवाच्या बाजूनं सेठ बोलत होता.

देवदिवाळी यायच्या आतच ती दुपार आली.

मशीनवर रफीकभाईंचा ताणा होता. रफीकभाई म्हणजे शहरातले जुने लूमवाले आणि माझे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. आपलं सूत मशीनवर चढलं की स्टूल घेऊन समोर बसायचे आणि बीम उतरेपर्यंत उठायचे नाहीत. आम्ही सूत चोरतो, असा त्यांना पक्का विश्वास होता. आमची भांडणं ऐकायला कामगार डबा अर्धवट टाकून यायचे.

लाईट गेली. ते रोजचंच होतं. लाईट गेली की मशीन थांबतं, आणि मशीन थांबलं की ड्रमांची वाफ लगेच बंद करायची, नाहीतर जागच्या जागी उभा असलेला ताणा भाजून निघतो. माझ्या माणसानं वाफ बंद केली. म्हणजे बॉयलरमधल्या वाफेला आता बाहेर जायला वाट नाही. पाण्याचा पंपही लाईटवर चालायचा, तोही थांबला. वाफेवर चालणारा दुसरा पंप कित्येक दिवस दुरुस्तीला पडून होता. तो आणा म्हणून मी सेठच्या मागे लागलो होतो, तेही सेठला सौदाच वाटलं होतं. आणि सुपडूनं नुकतीच भट्टी भरली होती. माझी ती खडखडीत परहाटी.

मी काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेघेपाशी होता. मी कानात बोटं घालायच्या तयारीत उभा राहिलो. काटा रेघेवर आला. रेघ ओलांडली. आवाज नाही.

तो सन्नाटा मी अजून विसरलेलो नाही. मशीन बंद, पंप बंद, पंखे बंद. फक्त भट्टीतली परहाटी तडतडत होती. सुपडूनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी विचारलं, वाजला का नाही? तो वर बघत राहिला.

मी ओरडलो, जाळ बाहेर ओढ. त्यानं लांब आकडा घेतला आणि पेटती परहाटी भट्टीतून उपसून अंगणात फेकायला लागला. ओली असती तर धुमसत बसली असती. ही मात्र हवा लागताच आणखी पेटत होती, आणि कितीही उपसली तरी तेवढीच आत उरत होती. बाकीचे कामगार फाटकाकडे पळाले. त्यांना दोष नाही. माझेही पाय तिकडेच वळले होते.

वाफेला वाट द्यायची तर एकच वाट होती, ड्रमांची. मी धावत जाऊन ड्रमांच्या वाफेचा कॉक उघडला आणि ड्रमांची खालची तोंडं मोकळी सोडली. रफीकभाई स्टुलावरून उठले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा पांढरा ताणा पिवळा पडायला लागला.

“मॅनेजरसाब, मेरा ताना जल रहा है.”

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परत आलो तर काटा थांबला होता, पण खाली येत नव्हता. काचेत पाहिलं. पाणी दिसत नव्हतं. म्हणजे आतलं लोखंड उघडं पडलं असणार आणि तापत चाललं असणार. आता व्हॉल्व्ह मोकळा करण्यावाचून इलाज नव्हता. मी सूत कापायची मोठी कात्री उचलली आणि शिडीवर चढलो. पायऱ्या पोळत होत्या. वर पोचलो आणि कात्री न उघडता नुसता बघत राहिलो. समोर ते लाल गाठोडं. वरचे नाडे काळे पडले होते, खाली शेंदूर आणि तेल शिजून लाखेसारखं घट्ट बसलं होतं. मला कळत होतं, हे कापलं की वाफ सुटेल, आणि तिच्या वाटेत आधी माझं तोंड आहे. आणि नाही कापलं तर सगळ्यांचंच.

सुपडूनं खालून हाक मारली. “साहेब, मागून. मागल्या आंगानं कापा, तोंड फिरवून घ्या.”

मी दांडीच्या मागे सरकलो, भिंतीकडे तोंड केलं आणि हातानं चाचपत कापत गेलो. एकेक नाडा तुटत होता. कुणाच्या पोरांच्या नावाचा, कुणाच्या नवऱ्याच्या. शेवटी कात्रीचं टोक त्या लाखेत खुपसून पिळलं. एक कडक आवाज झाला आणि दांडी उडाली.

वाफ किंचाळली. आयुष्यात ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याचा डाग आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवतो. मी शिडीवरून उतरलो की पडलो, ते आठवत नाही.

खाली आलो आणि लाईट आली.

पंखे फिरायला लागले तसं माझ्या लक्षात आलं की पंपाचा खटका चालूच आहे. पाणी कमी आहे, पंप सुरू झाला, यात वाईट काय, असं वाचकाला वाटेल. पण तापून लाल झालेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं की बॉयलर फुटतो. जाळ बाहेर, वाफ मोकळी, सगळं केलेलं पाण्यात, आणि तेही शब्दशः. पंपाला जोर धरायला थोडा वेळ लागतो, तेवढाच आमच्या हातात होता. खटक्याच्या फळ्याजवळ एकच माणूस उभा होता. आपल्या जळक्या ताण्याचा एक धागा बोटावर गुंडाळत रफीकभाई उभे होते. वाफेच्या आवाजात माझी हाक पोचणं शक्य नव्हतं. मी हातानं खूण केली, खाली, खाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि खटका खाली ओढून पंप बंद केला.

काटा हळूहळू उतरला. सुपडू अंगणात विझत्या परहाटीजवळ बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसलो. दोघांचेही दात वाजत होते. ऊन चांगलं होतं.

तासाभरानं सेठ आला. अंगणात राख, मशीनवर जळका ताणा, जमिनीवर नाड्यांचे तुकडे. त्यात अम्माचाही होता. त्यानं बॉयलरभोवती चक्कर मारली आणि विचारलं, “फटा तो नहीं ना?” मी म्हणालो, नाही. “फिर इतना तमाशा किस बात का?”

फुटला असता तर मी बरोबर ठरलो असतो. न फुटलेल्या बॉयलरचा पुरावा कुठून आणणार? सेठनं गावभर सांगितलं, मॅनेजर डर गया, थोडी वाफ वाढली तर ताणा जाळून टाकला. कामगारांत कुजबुज झाली की साहेबांनी आईचा मुकुट कापला. रफीकभाईंनी आपलं काम दुसऱ्या साइझिंगला नेलं. मी विचारलं, तर म्हणाले, आपके यहाँ जान बच गई, वही बहुत है, माल कहीं और बनवा लेंगे.

पुढच्या दसऱ्याला मी सौदा केला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला. कामगार म्हणत होते नाडा मुकुटालाच. मी म्हणत होतो, भट्टीच्या दाराला. ते म्हणाले दार पायाशी आहे. शेवटी शिडीच्या वरच्या कठड्यावर सौदा ठरला. तोही उंच, मुकुटाच्या खालोखाल. आणि माझ्या बाजूनं एक अट: दर सोमवारी सकाळी भट्टी पेटली की व्हॉल्व्ह एकदा वाजवून बघायचा. मी होतो तोवर एक सोमवार चुकला नाही. टपरीवर शिट्ट्या सुरू झाल्या त्या तेव्हापासून.

यंदा उन्हाळ्यात सेठनं मला हार घातला आणि आराम करा म्हणाला. माझं घर तापीपलीकडे, जैनाबादला. सोमवारी सकाळी नदीवरून तो आवाज बारीक येतो. बायको म्हणायची, आता चहा गोड लागेल तुम्हाला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आवाज आला नाही. वारा उलटा असेल म्हणून गप्प बसलो. त्याच्या पुढच्या सोमवारीही आला नाही. धुराडं मात्र धूर ओकत होतं. मी चपला घातल्या आणि पूल ओलांडून गेलो.

फाटकावरच्या माणसानं आत सोडलं नाही. नवा मॅनेजर बाहेर आला नाही. मी तिथेच उभा राहिलो, आरडाओरडा केला, तेव्हा सेठ आला. मी म्हणालो, मला एकदा शिडीवर चढू द्या, बाकी काही नको. सेठ हसला. त्याच्या कानावर गेलं होतं की दिवाळी अंकवाल्यांनी माझ्यासाठी पानं अडवून ठेवली आहेत. म्हणाला, “उसमें लिख दो कि उस दिन आप डर गए थे. अपने नाम से. फिर चढ़ जाओ.”

इतकी वर्षं मी टपरीवर, लग्नात, मयतीला, जिथे विषय निघाला तिथे भांडलो होतो की मी घाबरलो नव्हतो, मला समजलं होतं. या अंकासाठीही माझ्या मनात हेच लिहायचं होतं, जरा तिखट करून. मी भाव पाडायला बघितला. म्हणालो, चिंता वाटली असं लिहितो. सेठ म्हणाला, डर. मी म्हणालो, एकच वाक्य. सेठ म्हणाला, एकच. मी कबूल केलं.

वर चढलो. दांडीवर नाडा होता. थोडेच फेरे, पण शेंदूर पुन्हा तेलातला, वाळत आलेला. सुपडू खाली उभा होता, मान घालून. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो बोलला.

“तुम्ही तं चालले गेले, साहेब. मंग कोनाच्या भरोशावर पेटवू?”

मला राग यायला हवा होता. माझा राग गावात प्रसिद्ध आहे. पण आला नाही. मी नाडा सोडवला, कापला नाही, शेंदूर खरवडून काढला, आणि तो नाडा कठड्याला स्वतः बांधला. मग दांडी ओढली. वस्तीतली लेकरं रडायला लागली, एक बाई खिडकीतून मला शिव्या द्यायला लागली. नव्या मॅनेजरला म्हणालो, या शिव्या दर सोमवारी खायच्या, पगार त्याचाच आहे. सुपडूला म्हणालो, सोमवारी मी पलीकडे कान लावून बसतो. नाही वाजला तर मी येतो.

आता सेठचं देणं. ठरलेलं वाक्य लिहितो, माझ्या नावानं: त्या दिवशी मी घाबरलो होतो.

एक वाक्य ठरलं होतं, ते दिलं. लेखात बाकी काय लिहायचं, हे ठरलं नव्हतं. आणि आजही घाबरतो, दर सोमवारी सकाळी, आवाज येईपर्यंत. हे सौद्यात नव्हतं. हे वरून देतो, फुकट.